भुऱ्याचं तोंड

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आजवर किती बैलांची तोंडं उघडून पाहिली असतील, याचा हिशेब त्यांच्याकडेही नसेल. बैलबाजारात शिरले की आधी बैलाची चाल बघणार, मग खूर, मग वशिंड. सगळं मनासारखं वाटलं की डाव्या हातानं वेसण धरून उजव्या हाताचा अंगठा बैलाच्या खालच्या ओठात सरकवणार. क्षणभराचं काम. "चार दाती हाय," एवढंच म्हणून हात धोतराला पुसणार. बैलाला वरच्या जबड्यात पुढं दात नसतातच. खालचे आठ असतात, आणि दुधाचे पडून त्यांची एकेक जोडी नव्यानं येते. दोन दाती म्हणजे दोन-अडीच वर्षांचा, आठही भरले की जुळला. विकणारा कितीही शपथा घेवो, मामाजींचा अंगठा फसत नाही. सगळ्या पंचक्रोशीत त्यांना त्यासाठी बोलावणी येतात.

त्याच मामाजींच्या खाटेखाली सात वर्षं झोपणाऱ्या कुत्र्याचा ओठ आमच्यापैकी कुणी एकदाही उचलून पाहिला नव्हता. मीही नाही, आणि त्याला रोज भाकर घालणारी मीच.

आमचं शेत वर्धा जिल्ह्यात, वणा नदीच्या अलीकडच्या अंगाला. कपाशी, तूर, पाणी पुरलं तर चणा. तुरीला शेंगा धरल्या की रात्री रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, येतात, म्हणून जागल करावी लागते. मळ्यावर टॉर्च आणि काठी घेऊन माणूस बसतो, पण खरी जागल कुत्रा करतो. भुऱ्या आमच्याकडे आला तो पावसात भिजलेलं, मुठीत मावणारं पिल्लू म्हणून. मोठा झाला आणि शेत त्यानं अंगावर घेतलं. माणूस हातानं करतो ते सगळं कुत्रा तोंडानं करतो. उचलतो, धरतो, सोलतो, खाजवतो, धमकावतो, लाडानं मनगट धरून ओढतो. त्याच्या तोंडाचं काही बिघडलं म्हणजे आमचे दोन्ही हात गळ्यात बांधल्यासारखंच. हे मला फार उशिरा कळलं.

आधी नुसता वास यायचा. जवळ येऊन बसला की तोंड फिरवावं असा. मी म्हणायची, कुठं काही मेलेलं खाऊन आला असेल. मग तो भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन खाली टाकायला लागला. पुन्हा उचलायचा, मान वाकडी करून उजव्याच बाजूनं चावायचा. पुढं पुढं कडक भाकर तशीच ठेवून वरणात कुस्करलेली तेवढी चाटायचा. पोरगं काठी फेकायचं, तर भुऱ्या धावत जाऊन काठीजवळ उभा राहायचा, उचलायचा नाही. "म्हातारा झाला तो," मामाजी म्हणाले. मलाही तेच वाटलं. सात वर्षं म्हणजे कुत्र्याचं बरंच वय, असं मी स्वतःला समजावलं. बैलाच्या दातांवरून आम्ही वय ओळखतो, आणि कुत्र्याच्या दातदुखीलाच आम्ही वय समजून बसलो.

वास फारच वाढला तेव्हा गावात फटफटीवर येणाऱ्या एकाला दाखवलं. तो ढोरांना इंजेक्शनं देत फिरतो. त्यानं तोंड उघडलं नाही. तीन दिवस सुई टोचली, पैसे घेतले आणि "गर्मी होती" म्हणून गेला. आठ-दहा दिवस वास कमी झाला, भुऱ्या थोडा खायलाही लागला, आणि मग सगळं पहिल्यासारखं. पुन्हा सुई, पुन्हा आठ दिवस. असं तीनदा झालं. त्या माणसाचा राग मला आजही येतो, पण सुईनं बरं वाटतंय म्हणजे आजार बरा होतोय, हे मी स्वतः मानलं होतं.

मग तो दिवस आला. पोरानं लाडानं दोन्ही हातांत भुऱ्याचं तोंड धरलं आणि भुऱ्या गुरगुरून त्याच्यावर झडपला. दात लागला नाही, पण हाताला लाळ लागली, आणि त्या लाळेत रक्ताची तार होती. मी पोराला ओढत नळावर नेलं आणि साबण लावून पंधरा मिनिटं हात धुतले. कुठं खरचटलंय का ते उजेडात नेऊन पाहिलं. तोवर शेजारचे दोघे-तिघे काठ्या घेऊन आले होते.

"पिसाळलं वाटते ना बाप्पा ते. लाळ पाहा ना त्याची."

"घरात लहान लेकरू हाय तुमच्या. काहून ठेवता जी?"

त्यांना दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ गळते, जबडा लुळा पडतो, त्याला गिळता येत नाही, हे खरंच आहे. आणि रेबीज एकदा दिसायला लागला की त्यावर उपाय नाही. अनोळखी, लस न टोचलेल्या कुत्र्याची लाळ गळत असेल तर त्याच्या तोंडाजवळ हात नेऊच नये. हे मी इथं मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं मी कुत्र्याचे ओठ उचलून पाहा असं म्हणणार आहे.

भुऱ्या वाचला तो एका कागदामुळं. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमाराला तालुक्याच्या दवाखान्यातून फुकट लस टोचायला आले होते, तेव्हा पोरगंच त्याला दोरीनं बांधून शाळेजवळ घेऊन गेलं होतं. मिळालेलं कार्ड मी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं होतं. ते घेऊन मी दारात उभी राहिले. मामाजी खाटेवरून उठले, भुऱ्याची साखळी खुंटीला बांधली आणि काठीवाल्यांना म्हणाले, "डॉक्टरले दाखोल्याबिगर कोणी हात लावाचा नाही." त्यांच्यापुढं कुणी बोललं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर त्या आठवड्यात लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणात होते, तरी दुपारी गाडी वळवून आले. आधी दुरूनच पाहत राहिले. भुऱ्यापुढं पाणी ठेवायला लावलं. त्यानं पाणी प्यायलं, शेपटी हलवली. मग डॉक्टरांनी मला एकच गोष्ट विचारली.

"ताई, लाळ किती दिवसांपासून गळते?"

मी आठवून सांगितलं, दोन-अडीच महिने तरी. आणि वास त्याच्याही आधीपासून.

"रेबीजचा कुत्रा लक्षणं दिसल्यापासून दहा दिवसांच्या आत जातो. अडीच महिने लाळ गाळत बसत नाही," ते म्हणाले. कार्डावरच्या तारखा पाहिल्या, तरीही दहा दिवस बांधून नजर ठेवायला सांगितलं आणि पोराला दवाखान्यात दाखवून घ्यायला लावलं. भुऱ्याच्या तोंडाला पट्टीची मुसकी बांधून, हातमोजे चढवून त्यांनी बाजूनं ओठ वर उचलला.

मी वाकून पाहिलं. आमच्याकडं बोअरचं पाणी जड. बादलीच्या आत, नळाच्या तोटीवर पिवळट-पांढरा थर धरतो, तो घासून निघत नाही, खरवडावा लागतो. भुऱ्याच्या मागच्या दाढांवर तसाच थर होता, पण तपकिरी, आणि इतका जाड की दाढ कुठली आणि थर कुठला ते कळेना. थराच्या वर हिरडी लालभडक, सुजून फुगलेली, एका जागी मागं सरकून दाढेचं मूळ उघडं पडलेलं. डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यानं अलगद दाबलं, तर हिरडीच्या कडेतून पू आला. भुऱ्या ओरडला नाही, नुसता डोळे मिटून थरथरला. ते डोळे मिटणं मला अजून दिसतं.

"पायरिया," मामाजी मागून म्हणाले. माणसांचा पायरिया त्यांना ठाऊक होता, त्यांच्या आईचे दात त्यानंच गेले होते.

त्यानंतर मी दिसेल त्या डॉक्टरांना विचारत गेले, वाचत गेले. दातावर आधी मऊ, चिकट साय धरते. ती जंतूंची असते आणि एका दिवसात तयार होते. पुसली तर जाते. नाही पुसली तर लाळेतले क्षार तिच्यात बसून दोन-तीन दिवसांत ती टणक व्हायला लागते, आणि मग तिचं कीटण होतं. कुत्र्याची लाळ माणसापेक्षा अल्कधर्मी, म्हणून त्याचे दात आपल्यासारखे किडत फारसे नाहीत, पण कीटण भराभर धरतं. कीटणाच्या खरबरीत अंगावर आणखी जंतू बसतात, हिरडीच्या खाली उतरतात. हिरडी नुसती सुजली असेल तोवर सगळं पूर्ववत होतं. पण आतलं हाड झिजायला लागलं की ते हाड परत भरत नाही, फक्त झीज थांबवता येते. तीन वर्षांवरच्या बहुतेक कुत्र्यांत हा आजार कमी-जास्त असतोच. लहान चणीच्या कुत्र्यांना जास्त, कारण इवल्या जबड्यात दातांची दाटी. माझ्या नणंदेच्या पॉमेरियनचे निम्मे दात सहाव्या वर्षीच गेले. तेव्हा आम्ही ते लाडानं गोड खाऊ घालण्यावर ढकललं होतं.

सुईनं आजार का बरा होत नव्हता, तेही तेव्हा उमगलं. औषध रक्तातून येतं आणि सूज थोडी ओसरते. पण कीटण जागेवरच असतं, आणि जंतूंच्या त्या चिवट थरात औषध नीट शिरत नाही. शेणाचा पोटा तसाच ठेवून माश्यांवर औषध मारत राहावं, तसं ते होतं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सरळ नागपूरला न्यायला सांगितलं. दहा दिवस गेले, भुऱ्या होता तसाच होता. चुलतभावाच्या छोट्या मालवाहू गाडीत मागं पोतं अंथरलं आणि पहाटे निघालो. मामाजी येणार नाहीत असं वाटलं होतं, पण ते आधीच गाडीत बसले होते.

नागपूरच्या डॉक्टरबाई तिथल्याच, १९५८ साली सुरू झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेल्या. त्यांनी आधी रक्त तपासलं, मूत्रपिंड आणि यकृत भूल सोसेल का ते बघायला. मी विचारलं, भूल न देता नुसतं खरवडून होणार नाही का? गावात एकानं तसं सांगितलंही होतं, खिळ्यानं काढून टाक म्हणून. बाईंनी शांतपणे समजावलं. वरचं खरवडलं तर दात दिसायला स्वच्छ होतात, पण आजार हिरडीच्या खाली असतो. जागा कुत्रा तिथं हात लावू देणार नाही, आणि लावू दिला तरी त्याला किती दुखेल. शिवाय भूल देऊन श्वासनळीत नळी घातली म्हणजे यंत्राचं पाणी आणि निघालेलं कीटण फुप्फुसात जात नाही.

मला काचेतून बघू दिलं. हाताएवढं यंत्र, त्याचं टोक बारीक थरथरतं आणि त्यातून पाण्याचा फवारा उडतो. एका दाढेवरचं कीटण अख्ख्या टरफलासारखं सुटून ताटलीत पडलं, तेव्हा टक्क आवाज आला. खालून पांढरी दाढ निघाली. मग त्यांनी खुणा कोरलेली बारीक सळई घेऊन प्रत्येक दाताभोवती हिरडी किती खोल गेलीय ते मोजलं. चांगल्या हिरडीत ती तीन मिलिमीटरपर्यंतच जाते. डाव्या वरच्या मोठ्या दाढेशी ती नऊपर्यंत गेली. एक्स-रे काढला, तर त्या दाढेच्या मुळाभोवती हाडाऐवजी काळी पोकळी. वरची ही दाढ कात्रीच्या पात्यासारखी, कुत्रा मांस आणि हाड तिच्यावर कापतो. तिला तीन मुळं असतात, म्हणून अख्खी ओढता येत नाही, तीन तुकडे करून एकेक मूळ वेगळं काढावं लागतं. तिच्या मुळाशी पू साठला की डोळ्याखाली गळू येतं, आणि लोक डोळ्यात औषध घालत बसतात, असं बाई म्हणाल्या. भुऱ्याची ती दाढ आणि शेजारचे दोन लहान दात काढले. टाके विरघळणारे घातले. उरलेल्या दातांना शेवटी गुळगुळीत केलं, कारण यंत्रानं पडलेल्या चरांत साय लवकर धरते.

काढलेली दाढ त्यांनी कागदात बांधून मामाजींच्या हातात दिली. मामाजींनी ती तळहातावर घेतली. वर दिसतो तेवढा दात थोडासाच, त्याखाली लांब मुळं, टोकाला काळी पडलेली. बराच वेळ ते ती उलटसुलट करत राहिले.

"येवढं दुखत होतं याले," ते म्हणाले. "अन् हा रोज मले सोडाले फाट्यावरी येत होता."

बाईंनी कुत्र्याला बेचाळीस दात असतात असं सांगितलं, वर वीस, खाली बावीस. मामाजींनी विचारलं, "आता किती ऱ्हायले?" एकोणचाळीस. "मंग बरेच हायेत," ते म्हणाले, आणि दाढ बंडीच्या खिशात ठेवली.

बिल क्विंटलभर कापसाच्या आसपास झालं. मी मामाजींकडं बघायचं टाळलं. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि अर्धे पैसे मोजून टेबलावर ठेवले.

दुखण्याच्या गोळीबद्दल बाईंनी दोनदा बजावलं. त्यांनी लिहून दिलेलीच द्यायची, मोजून, खाल्ल्यावर. घरातली माणसांची दुखण्याची गोळी कुत्र्याला घालायची नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या आतड्याला जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होतं. डायक्लोफिनॅकचं नाव ऐकून मामाजींनी मान वर केली. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की गिधाडं उतरायची, शे-दीडशे. मग ती दिसेनाशी झाली. ढोरांना हेच औषध टोचलं जायचं आणि ते मढं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं जायची, म्हणून २००६ साली आपल्याकडं जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. गिधाडं मात्र आमच्या शिवारात अजून परतलेली नाहीत.

घरी आल्यावर दोन आठवडे कालवलेलं मऊ अन्न. पाचव्या दिवशी सकाळी भुऱ्या पोराची चप्पल तोंडात धरून अंगणात गोल गोल पळत होता. पोरगं रडायला लागलं, चप्पल गेली म्हणून नाही. गेल्या वर्षभरात त्यानं काहीच असं पळवलं नव्हतं, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

आता रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की मी भुऱ्याचे दात घासते. जखमा भरेपर्यंत तोंडाला हात लावला नाही. मग चार दिवस नुसता हात गालावर ठेवला आणि काढला, त्यावर कोंबडीच्या रश्शाचं बोट चाटवलं, मीठ-मसाला न घातलेल्या. मग जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा बोटाला गुंडाळून फक्त सुळ्यांवर फिरवला. मग दाढांपर्यंत. महिन्याभरानं लहान पोरांचा मऊ ब्रश. तोंड उघडावं लागत नाही. ओठ बाजूनं वर केला की बाहेरची बाजू घासता येते, आणि कीटण मुख्यतः तिथंच धरतं. आतली बाजू त्याची जीभ बरीच सांभाळते. पेस्ट लावायची तर कुत्र्यांचीच. आपली पेस्ट त्याला थुंकता येत नाही, आणि काही पेस्टांमध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, त्यानं कुत्र्याची साखर एकदम खाली येते, यकृतही जाऊ शकतं. राखुंडी, मीठ, लाल मंजन यांतलं काही नाही. मी बहुतेक दिवशी नुसत्या पाण्यानं घासते. एखादा दिवस चुकतो. चार दिवस चुकू देत नाही, कारण तोवर साय टणक झालेली असते आणि मग माझा ब्रश काही करू शकत नाही.

हाडांवरून घरात वाद झाला. नळीचं हाड चघळलं की दात आपोआप साफ होतात, असं सगळ्यांचं म्हणणं. बाईंनी सांगितलं होतं की टणक हाडानं तीच कात्रीवाली दाढ कडेनं उडते, आणि शिजवलेल्या हाडाच्या चिरफळ्या घशात, आतड्यात रुततात. अंगठ्याचं नख दाबून ज्यावर वण उठत नाही ते कुत्र्याला चावायला देऊ नये, असा त्यांचा नियम. मामाजींनी बकऱ्याची नळी हातात घेतली, नख दाबून पाहिलं, आणि उकिरड्यात खोल पुरून आले.

मागच्या आठवड्यात शेजारच्यांनी नवं पिल्लू आणलं. सात महिन्यांचं असेल, काळंभोर, पायात घुटमळणारं. तेच शेजारी, काठी घेऊन आलेले. मी भाजी निवडत होते. मामाजी खाटेवर बसले होते आणि पिल्लू त्यांच्या गुडघ्यावर पुढचे पाय ठेवून उभं होतं. त्यांनी आधी विचारलं, "सुई टोचली काय याले?" टोचली, असं उत्तर आलं. मग डाव्या हातानं त्याची मान धरली, आणि बैलाच्या तोंडात जातो तोच अंगठा त्याच्या वरच्या ओठाखाली सरकवला. क्षणभर पाहिलं. मग पुन्हा, नीट, उजेडाकडं तोंड करून.

"बाई, इकडं ये बरं. इथी एका जागी दोन सुळे हायेत याले."

मी जाऊन पाहिलं. खरंच. नवा सुळा पूर्ण आला होता आणि त्याला खेटून दुधाचा, सुईसारखा, पडायचा राहून गेलेला. दोघांच्या फटीत आत्ताच पिवळं काहीतरी अडकलं होतं.

"आपोआप नाही का पडणार जी?" शेजाऱ्यानं विचारलं.

"नाही पडत," मामाजी म्हणाले. "सात महिन्याचं झालं. पडाचा तवा पडला असता. उद्या दुधाची गाडी जाते तालुक्याले. तिच्यात बसवा याले. मी येतो संगं."